समालोचकाचं एक वाक्य उलगडताना: नवख्यांसाठी क्रिकेटची भाषा

"ओव्हर द विकेट, गुड लेंथ, चौथ्या स्टंपवर, चेंडू किंचित बाहेर निघाला, बॅटची बाहेरची कड आणि सेकंड स्लिपमध्ये झेल!"

टीव्हीवर हे वाक्य चार-पाच सेकंदांत बोलून होतं. क्रिकेट मुरलेल्या माणसाला ते ऐकून, पडद्याकडे न बघताही, चेंडूचा सगळा प्रवास दिसतो. नवख्याच्या हाती शेवटचा 'झेल' तेवढा लागतो. मग तो शब्दांची यादी शोधतो, दीडदोनशे शब्द वाचतो आणि पुढच्या सामन्यात पुन्हा तिथेच अडकतो.

याचं कारण सोपं आहे. क्रिकेटमधले निम्मे शब्द हे पत्ते आहेत. चेंडू कुठे पडला, खेळाडू कुठे उभा आहे, चेंडू कुठून कुठे वळला, एवढंच ते सांगतात. मैदानाचा नकाशा डोक्यात नसेल तर पत्ते पाठ करून उपयोग नाही. नकाशा बसला की बरेच शब्द न शिकवता कळतात. म्हणून आधी नकाशा घेऊ.

बावीस यार्ड

मैदानाच्या मधोमध दिसणारी फिकट रंगाची पट्टी म्हणजे खेळपट्टी. दोन्ही टोकांच्या स्टंपमधलं अंतर २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. रुंदी १० फूट. प्रत्येक टोकाला तीन स्टंप, मराठी वर्तमानपत्रांच्या भाषेत यष्ट्या. त्यांची उंची २८ इंच, तिन्ही मिळून रुंदी ९ इंच, आणि डोक्यावर दोन बेल्स, म्हणजे छोट्या लाकडी दांड्या. स्टंपच्या पुढे ४ फुटांवर आखलेली आडवी रेघ म्हणजे पॉपिंग क्रीज. या रेघेच्या मागे फलंदाजाचं घर. नो-बॉल (अवैध चेंडू), धावचीत आणि यष्टिचीत या तिन्ही भांडणांचा निकाल याच रेघेवर लागतो, म्हणून रिप्लेमध्ये कॅमेरा पुन्हा पुन्हा तिच्यावर जातो.

'विकेट' या एका शब्दाचे तीन अर्थ आहेत आणि पहिला गोंधळ इथेच होतो. स्टंप-बेल्सचा सांगाडा ही विकेट. फलंदाज बाद झाला की "विकेट पडली", म्हणजे मराठीत गडी बाद झाला. आणि "आज विकेट पाटा आहे" असं कुणी म्हणालं तर तो खेळपट्टीबद्दल बोलतोय. पाटा म्हणजे सपाट, निर्जीव खेळपट्टी, जिच्यावर गोलंदाजाला कसलीच मदत नाही आणि फलंदाजाची चंगळ.

'ओव्हर द विकेट' मधली विकेट पहिल्या अर्थाची. गोलंदाजाचा चेंडू टाकणारा हात स्टंपच्या जवळ असेल तर ओव्हर द विकेट, स्टंपपासून लांब असेल तर राउंड द विकेट. उजव्या हाताचा गोलंदाज स्टंपच्या डावीकडून आला तर ओव्हर, उजवीकडून आला तर राउंड. बाजू बदलली की चेंडूचा कोन बदलतो. डावखुरा फलंदाज जम बसवू लागला की बरेच वेगवान गोलंदाज राउंड द विकेट येतात, ते या कोनासाठी.

आता सगळ्यात महत्त्वाची विभागणी. फलंदाज बॅट टेकवून उभा राहतो तेव्हा त्याची छाती ज्या बाजूला वळलेली असते ती ऑफ साइड. पाठीकडची ती लेग साइड, तिलाच ऑन साइड म्हणतात. बाजू फलंदाजाच्या शरीरावरून ठरते, मैदानावरून नाही. त्यामुळे डावखुरा फलंदाज खेळायला आला की मैदान आरशात पाहिल्यासारखं उलटं होतं. एकेरी धाव निघून उजव्याच्या जागी डावखुरा आला की सगळे क्षेत्ररक्षक लगबगीने इकडून तिकडे जाताना दिसतात, ते यामुळे.

क्षेत्ररक्षकांची नावं कशी बनतात

गोलंदाज आणि यष्टिरक्षक वगळले तर नऊ खेळाडू उरतात. नऊ जणांसाठी तीसेक नावं ऐकू येतात आणि माणूस घाबरतो. प्रत्यक्षात मूळ नावं दहाच्या आसपास आहेत, बाकीची जोडून बनतात.

यष्टिरक्षकाच्या शेजारी, ऑफच्या बाजूला उभे राहतात ते स्लिप. यष्टिरक्षकाला लागून पहिला तो फर्स्ट स्लिप, मग सेकंड, मग थर्ड. त्यांच्या पुढे गली. गलीच्या पुढे, फलंदाजाच्या समोर जवळजवळ काटकोनात, पॉइंट. तिथून गोलंदाजाकडे सरकलं की कव्हर, मग मिड-ऑफ. गोलंदाजाला ओलांडून लेगच्या बाजूला आलं की मिड-ऑन, मग मिडविकेट, मग पॉइंटच्या बरोबर विरुद्ध अंगाला स्क्वेअर लेग आणि यष्टिरक्षकाच्या मागे तिरका फाइन लेग. ऑफच्या बाजूला, स्लिपच्या मागे थेट सीमारेषेजवळ, थर्ड मॅन. झाली प्रदक्षिणा पूर्ण.

आता विशेषणं. 'सिली' म्हणजे फलंदाजाच्या अगदी अंगावर. 'शॉर्ट' म्हणजे जवळ. 'डीप' किंवा 'लाँग' म्हणजे सीमारेषेवर. 'स्क्वेअर' म्हणजे क्रीजच्या रेघेला समांतर, खेळपट्टीशी काटकोनात. त्या काल्पनिक रेघेच्या पुढे, गोलंदाजाकडे, ते 'फॉरवर्ड', मागे ते 'बॅकवर्ड'. 'फाइन' म्हणजे यष्टिरक्षकाच्या मागच्या सरळ रेषेच्या जवळ.

एक लांबलचक नाव घेऊन बघा: डीप बॅकवर्ड स्क्वेअर लेग. शेवटाकडून वाचत या. लेग, म्हणजे फलंदाजाच्या पाठीकडची बाजू. स्क्वेअर, म्हणजे काटकोनातली जागा. बॅकवर्ड, म्हणजे तिथून थोडं मागे. डीप, म्हणजे सीमारेषेवर. चार शब्दांत पत्ता पोचला. तसंच 'फॉरवर्ड शॉर्ट लेग' म्हणजे पाठीकडची बाजू, फलंदाजाच्या जवळ, काटकोनाच्या थोडं पुढे. फलंदाजाने चेंडू जोरात मारला तर पळायलाही वेळ नाही, अशी ही जागा. मुंबईचा एकनाथ सोलकर हेल्मेट न घालता इथे उभा राहायचा. २७ कसोटींत त्याने ५३ झेल घेतले. १९७१ मध्ये ओव्हलवर वेंकटराघवनच्या गोलंदाजीवर त्याने सूर मारून ॲलन नॉटचा झेल टिपला. इंग्लंडमधली पहिली मालिका भारताने जिंकली ती याच सामन्यात. टीव्हीवर शॉर्ट लेगचा खेळाडू दिसला की फलंदाजाच्या बॅटपासून तो किती पावलांवर आहे ते जरूर बघा, मग या आकड्यांचं मोल कळेल.

मर्यादित षटकांच्या सामन्यात ३० यार्डांचं वर्तुळ आखलेलं असतं. टी-२० मध्ये पहिली ६ षटकं पॉवरप्ले: त्या वेळात वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतात, नंतर जास्तीत जास्त पाच. सुरुवातीला उंच फटके का दिसतात याचं उत्तर यात आहे. बाहेर माणसंच नसतात.

टप्पा आणि दिशा

समालोचकाच्या वाक्यात पुढे 'गुड लेंथ' आलं. लेंथ म्हणजे टप्पा, चेंडू फलंदाजापासून किती लांब पडला ते. वेगवान गोलंदाजासाठी साधारण हिशोब असा: फलंदाजाच्या स्टंपपासून २ मीटरच्या आत पडला तर यॉर्कर, २ ते ६ मीटरमध्ये फुल, ६ ते ८ मीटरमध्ये गुड लेंथ, त्याहून आखूड तो शॉर्ट. टप्पाच पडला नाही तर फुलटॉस. खेळपट्टीच्या उसळीप्रमाणे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात.

गुड लेंथ चांगली का? फुल चेंडूवर फलंदाज पुढे पाय टाकून टप्प्याजवळच चेंडू गाठतो, चेंडूला वळायला जागाच देत नाही. शॉर्ट चेंडूवर मागे सरकून वेळ काढतो. मधल्या त्या दोन मीटरच्या पट्ट्यात पुढे जावं की मागे, हे ठरत नाही. आणि ठरवायला वेळ असतो अर्ध्या सेकंदाहून कमी, कारण ताशी १४० किलोमीटरचा चेंडू हातातून सुटून बॅटपर्यंत तेवढ्यात पोचतो. गोलंदाज दिवसभर त्याच टप्प्यावर चेंडू टाकतो तेव्हा बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटू शकतं. खरं तर ते सगळ्यात अवघड काम आहे.

यॉर्कर बरोबर पडला तर फलंदाजाच्या पायाच्या बोटांशी येतो आणि बॅट त्याच्याखाली जाऊच शकत नाही. चुकला की मात्र शिक्षा जबर. अर्धा मीटर पुढे गेला तर फुलटॉस, मीटरभर आखूड पडला तर हाफ-व्हॉली, आणि दोन्ही थेट प्रेक्षकांत. शेवटच्या षटकांत जसप्रीत बुमराला इतका मान आहे तो हा चेंडू पुन्हा पुन्हा तिथेच टाकता येतो म्हणून. बाउन्सर म्हणजे आखूड टप्प्याचा, छाती-डोक्यापर्यंत उसळणारा चेंडू. तो कायदेशीर आहे. टप्पा न पडता कमरेच्या वर आलेला चेंडू मात्र बीमर, आणि तो नो-बॉल.

'चौथा स्टंप' तुम्हाला मैदानावर दिसणार नाही. ऑफ स्टंपच्या किंचित बाहेर आणखी एक स्टंप आहे अशी कल्पना करायची. या रेषेवरचा चेंडू सोडावा तर आत येऊन दांडी उडवेल, खेळावा तर बाहेर जाऊन कड घेईल. ज्या फलंदाजाला आपला ऑफ स्टंप नक्की कुठे आहे ते कळतं त्यालाच हा चेंडू सोडता येतो. चांगल्या सलामीवीराची परीक्षा त्याने सोडलेल्या चेंडूंवरून होते. टाळ्या मात्र चौकारांना पडतात.

चेंडू हवेत आणि जमिनीवर का वळतो

क्रिकेटच्या चेंडूच्या मधोमध उंचावलेली शिवण असते, तिला सीम म्हणतात. हवेत वळला तर स्विंग, शिवणीवर टप्पा पडून वळला तर सीम किंवा कट, बोटांनी-मनगटाने दिलेल्या फिरकीमुळे वळला तर स्पिन. तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवखे बहुधा सगळ्यालाच स्विंग म्हणतात.

स्विंगसाठी गोलंदाज शिवण तिरकी धरतो आणि एक बाजू पँटवर घासून चकचकीत ठेवतो. नवा चेंडू चकचकीत बाजूपासून दूर, खरखरीत बाजूकडे वळतो. उजव्या फलंदाजाला आउटस्विंगर टाकायचा तर शिवण स्लिपकडे आणि चकाकी लेगच्या बाजूला. चेंडू फलंदाजापासून दूर जातो, बॅटची बाहेरची कड घेतो आणि मागे स्लिप तयारच असते. स्लिप तिथे का उभी करतात, हेही यातच कळलं. आत वळणारा तो इनस्विंगर. चेंडू जुना झाला, एक बाजू पार खडबडीत झाली आणि वेग भरपूर असला की उलटं होतं: चेंडू चकचकीत बाजूकडे वळतो. हाच रिव्हर्स स्विंग. सर्फराज नवाज, इम्रान खान, वासिम अक्रम, वकार युनूस या पाकिस्तानी गोलंदाजांनी ही विद्या जगाला दाखवली. चेंडूला थुंकी लावून चमक आणणं आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये आता बंद आहे, घाम चालतो.

फिरकीत उजव्या फलंदाजासाठी ऑफकडून आत येणारा चेंडू ऑफब्रेक, तो बोटांनी फिरवतात. लेगकडून बाहेर जाणारा लेगब्रेक, तो मनगटाने. गुगली म्हणजे लेगब्रेकच्याच शैलीत टाकलेला पण उलटा, आत येणारा चेंडू. लेगब्रेकपेक्षा मनगट आणखी वळवलं जातं, सुटताना हाताची पाठ फलंदाजाकडे असते आणि चेंडू करंगळीच्या बाजूने बाहेर येतो. इंग्लंडच्या बर्नार्ड बोझांकेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रूढ केला, म्हणून ऑस्ट्रेलियात त्याला बराच काळ 'बोझी' म्हणत. गुगली टाकताना होणारी नेहमीची चूक म्हणजे मनगटाच्या खटपटीत चेंडू आखूड पडणं. तसा चेंडू फलंदाज आरामात मागे सरकून भिरकावतो. आपल्याकडे मुंबईच्या सुभाष गुप्तेंची गुगली प्रसिद्ध होती. १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजच्या एका डावात त्यांनी १०२ धावांत ९ बळी घेतले. ऑफस्पिनरने टाकलेला, बाहेर जाणारा चेंडू तो 'दूसरा'. सकलेन मुश्ताकमुळे हा आपल्या ओळखीचा शब्द इंग्रजी समालोचनात जाऊन बसला.

आता सुरुवातीचं वाक्य पुन्हा वाचा. गोलंदाज स्टंपजवळून आला, स्टंपपासून सहा-आठ मीटरवर टप्पा, दिशा ऑफ स्टंपच्या जराशी बाहेर, चेंडू आणखी बाहेर गेला, कड लागली आणि यष्टिरक्षकापासून दुसऱ्या माणसाने तो पकडला.

बाद होण्याचे प्रकार, आणि त्यातला पायचीत

त्रिफळाचीत म्हणजे चेंडूने स्टंप उडवले, बोलीत दांडी गुल. झेलबाद कळायला कुणाची मदत लागत नाही. बॅट किंवा शरीर लागून स्वतःच बेल्स पाडल्या तर स्वयंचीत. यांच्यावर जास्त वेळ घालवत नाही, कारण घराघरात वाद होतो तो पायचीतवर.

'चेंडू पायाला लागला आणि स्टंपवर जात होता' ही पायचीतची अर्धवट व्याख्या आहे. पंच क्रमाने प्रश्न विचारतो, आणि कुठेही उत्तर फलंदाजाच्या बाजूने आलं की तिथेच नाबाद. चेंडू नो-बॉल होता का? असेल तर संपलं. पायाला लागण्याआधी बॅटला लागला का? लागला असेल तर संपलं. टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला का? पडला असेल तर पुढे चेंडू मधल्या स्टंपवर जाऊन आदळणार असला तरी नाबाद. मग पाहायचं, पायाला लागला तेव्हा चेंडू स्टंपच्या रेषेत होता का. ऑफ स्टंपच्या बाहेर लागला असेल तर फलंदाज वाचतो, पण खेळण्याचा खरा प्रयत्न केला असेल तरच. बॅट न घालता नुसता पाय पुढे केला असेल तर ही सवलत नाही. आणि शेवटी, चेंडू स्टंपवर गेला असता का? उसळी जास्त असेल तर स्टंपवरून गेला असता.

लेग स्टंपबाहेरच्या टप्प्याला सूट दिली नसती तर गोलंदाजांनी सतत फलंदाजाच्या पाठीमागे चेंडू टाकले असते आणि फलंदाजांनी पॅड पुढे करून दिवस काढले असते. खेळ मेला असता. नियमामागचं हे कारण कळलं की नियम लक्षात राहतो.

डीआरएसमध्ये, म्हणजे पंचाचा निर्णय तंत्रज्ञानाने पुन्हा तपासताना, 'अंपायर्स कॉल' दिसलं की नवखे चिडतात: चेंडू स्टंपला लागताना दिसतोय आणि तरी नाबाद? संगणक चेंडूचा पुढचा मार्ग अंदाजाने काढतो. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग स्टंपला लागत असेल तर मैदानावरच्या पंचाने जो निर्णय दिला तोच कायम राहतो. म्हणजे अगदी तसाच चेंडू एका पंचाने बाद दिला तर बाद, दुसऱ्याने नाबाद दिला तर नाबाद. पायाला रेषेत लागला की नाही यालाही हेच लागू. टप्पा कुठे पडला याला मात्र अंपायर्स कॉल नाही. तो अंदाज नसतो, प्रत्यक्ष घडलेली गोष्ट असते.

धावचीत आणि यष्टिचीत यांतला फरक असा. यष्टिचीत फक्त यष्टिरक्षक करू शकतो, फलंदाज धाव घेत नसताना क्रीजबाहेर गेला असेल तेव्हा, आणि तो बळी गोलंदाजाच्या नावावर जमा होतो. धावचीत कुणीही करू शकतं आणि तो बळी गोलंदाजाला मिळत नाही. दोन्हींत बॅट किंवा पाय रेघेच्या आत टेकलेला हवा. रेघेवर असेल तर बाद.

गोलंदाजाच्या टोकाचा फलंदाज चेंडू सुटण्याआधीच क्रीज सोडून पुढे निघाला आणि गोलंदाजाने त्याला बाद केलं तर त्यालाही धावचीतच म्हणतात. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत विनू मंकड यांनी बिल ब्राउनला असं बाद केलं आणि इंग्रजी पत्रांनी त्यावरून 'मंकडिंग' हा शब्द चालवला. एका महान भारतीय खेळाडूचं नाव लबाडीला समानार्थी म्हणून वापरणं अन्यायाचं आहे, असं सुनील गावसकर वारंवार सांगत आले आहेत, आणि ते बरोबर आहे. लवकर पळणारा फलंदाज फायदा उकळत असतो. २०२२ मध्ये क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसी या क्लबने हा प्रकार 'अनुचित खेळ' या कलमातून काढून 'धावचीत' या कलमात घातला. तेव्हा शब्द वापरायचा तर साधा, धावचीत.

क्वचित दिसणारा एक प्रकार टाइम्ड आउट. नवा फलंदाज ठरलेल्या वेळेत चेंडू खेळायला तयार नसेल तर बाद. ६ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकात दिल्लीच्या मैदानावर श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज असा बाद झाला, आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पहिल्यांदाच. हेल्मेटचा पट्टा तुटला होता.

धावफलक वाचताना

"नॉट झे. सोलकर गो. वेंकटराघवन १". मराठी वर्तमानपत्रात ओळ अशी असते. झे. म्हणजे झेल कुणी घेतला, गो. म्हणजे गोलंदाज कोण, शेवटी धावा. 'झे. व गो.' म्हणजे गोलंदाजानेच झेल घेतला. 'त्रि. गो.' म्हणजे त्रिफळा. आपल्याकडे १२०/३ किंवा '३ बाद १२०' लिहितात. ऑस्ट्रेलियात उलटं, ३/१२०. तिथलं प्रक्षेपण पाहताना गोंधळू नका.

गोलंदाजाचे आकडे षटकं-निर्धाव-धावा-बळी या क्रमाने. बघा: ३२-२७-५-०. हे नाशिकच्या बापू नाडकर्णींचे, १९६४ च्या मद्रास कसोटीत इंग्लंडविरुद्धचे. ३२ षटकं, त्यातली २७ निर्धाव, धावा फक्त ५, बळी एकही नाही. त्यातली २१ षटकं सलग निर्धाव होती. 'निर्धाव' शब्द मात्र थोडा फसवा आहे. बाय आणि लेग बाय, म्हणजे बॅटला न लागता निघालेल्या धावा, गोलंदाजाच्या खात्यात धरत नाहीत, त्यामुळे त्या धावा निघाल्या तरी षटक निर्धावच राहतं. वाइड किंवा नो-बॉल पडला तर मोडतं.

षटकांतला ठिपका दशांशचिन्ह नसतो. ४८.२ म्हणजे ४८ षटकं आणि २ चेंडू. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर श्रीलंकेच्या २७४ धावांसमोर भारताने ४८.२ षटकांत ४ बाद २७७ केल्या. दहापैकी सहा गडी शिल्लक आणि ५० षटकांतले १० चेंडू शिल्लक, म्हणून निकाल "६ गडी आणि १० चेंडू राखून विजय". पाठलाग करणारा संघ जिंकला तर गडी राखून, आधी खेळलेला जिंकला तर धावांनी. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी २९८ केल्या आणि दक्षिण आफ्रिकेला २४६ वर रोखलं, म्हणून ५२ धावांनी विजय.

अनिर्णित आणि बरोबरी यांत लोक हमखास घोळ करतात. वेळ संपला आणि शेवटचा डाव पूर्ण झाला नाही तर कसोटी अनिर्णित. सगळे डाव संपून दोन्ही संघांच्या धावा तंतोतंत सारख्या झाल्या तर बरोबरी, म्हणजे टाय. कसोटीत असं दोनदाच झालंय: १९६० ला ब्रिस्बेन, १९८६ ला मद्रास.

सरासरी काढताना धावांना डावांनी भागू नका, बाद होण्याच्या संख्येने भागा. डॉन ब्रॅडमन ८० डाव खेळला, १० वेळा नाबाद राहिला, धावा ६९९६. भागायचं ७० ने: ९९.९४. नेट रनरेटमध्ये, म्हणजे आपल्या दर षटकी धावांतून समोरच्याच्या दर षटकी धावा वजा करताना, अशीच एक खोच आहे. एका संघाने ५० षटकांत २५० केल्या, दुसरा ४० षटकांत २०० वर सर्वबाद झाला. दुसऱ्याचा वेग २०० भागिले ४० नाही. सर्वबाद झाल्यावर पूर्ण ५० षटकं धरतात, म्हणून वेग ४. पहिल्याला मिळाले अधिक १.००.

शिष्ट कोशात न बसणारे शब्द

शून्यावर बाद झालेला इंग्रजीत 'डक' घेऊन परततो, मूळ शब्द बदकाचं अंडं, शून्याच्या आकारावरून. मराठीत त्याच आकाराचा भोपळा. "भोपळाही फोडला नाही" म्हणजे एकही धाव नाही. पहिल्याच चेंडूवर शून्य तो गोल्डन डक. एकही चेंडू न खेळता, म्हणजे पलीकडच्या टोकाला उभा असताना धावचीत, तो डायमंड डक. दोन्ही डावांत शून्य म्हणजे पेअर. ब्रॅडमनला १९४८ मध्ये ओव्हलवर शेवटच्या डावात शंभराच्या सरासरीसाठी चार धावा हव्या होत्या. एरिक हॉलिसने दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडवला. भोपळा.

नाइट वॉचमन म्हणजे दिवस संपता संपता गडी बाद झाल्यावर चांगल्या फलंदाजाऐवजी पाठवलेला तळाचा खेळाडू. त्याने संध्याकाळ काढायची एवढंच काम. ऑस्ट्रेलियाचा जेसन गिलेस्पी २००६ मध्ये चितगावला असाच आला आणि नाबाद २०१ करून थांबला. तळाच्या फलंदाजांना मराठीत शेपूट म्हणतात. ते धावा करू लागले की 'शेपूट वळवळलं', झटपट बाद झाले की 'शेपूट गुंडाळलं'. १११ ही धावसंख्या म्हणजे नेल्सन, अपशकुनी मानलेली. ती लागली की पंच डेव्हिड शेफर्ड एका पायावर उड्या मारायचे. सोडायला नको होता असा झेल तो सिटर. प्रतिस्पर्ध्याला बोलून डिवचणं ते स्लेजिंग. आणि विकेट फेकायची नाही, हट्टाने उभं राहायचं, समोरच्याला काही फुकट द्यायचं नाही, या मुंबईच्या खेळाला एकच शब्द आहे: खडूस. क्रिकेटमध्ये तो मानाने घेतला जातो.

गल्लीतले शब्द टीव्हीवर येत नाहीत, पण नवखा माणूस बहुधा पहिल्यांदा तिथेच खेळतो, तेव्हा तेही माहीत हवेत. 'ट्राय बॉल' म्हणजे सुरुवातीचा न मोजायचा चेंडू. 'वन टप्पा आउट' म्हणजे एकदा जमिनीवर आपटलेला चेंडू एका हाताने पकडला तरी बाद. दोन हात लागले तर नाही, आणि हे आधी ठरवून घ्या. माणसं विषम असतील तर एक जण 'कॉमन', तो दोन्ही संघांकडून फलंदाजी करतो. 'बट्टा' म्हणजे कोपर वाकवून फेकलेला चेंडू. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपर्यंत सरळ झालेलं चालतं, त्यापुढे गोलंदाजाची शैली अवैध ठरते आणि प्रयोगशाळेत कॅमेऱ्यांसमोर तपासली जाते. गल्लीत समोर उभा असलेला फलंदाज "बट्टा!" ओरडला की तो चेंडू पुन्हा टाकायचा.